सुट्टी घरच्या बाईलाही हवी

मे महिना सरला की माझ्या दवाखान्यात दमलेले प्रवासी येऊ लागतात. कर्ज काढून लांब जायचे, जागरणे करायची, रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरायच्या. याला विश्रांती कसे म्हणावे? त्यापेक्षा सातारकरांनी एक दिवस सज्जनगड गाठावा. अंतर सुमारे १५ किलोमीटर. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. सकाळच्या गारव्यात निघावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, इतरांनी पायऱ्या दमादमाने चढाव्यात. समर्थांच्या समाधीचे दर्शन घेऊन उरमोडीचे पाणी पाहत बसावे. दुपारी गडावर महाप्रसाद मिळतो. म्हणजे पहाटे उठून डबे करणे नको. घरच्या बाईला असा एक दिवस मिळणे, हेही औषधच आहे.