५२५ पट!

गेल्या दिवाळीत पुतणीला दुर्बीण मिळाली. ७० मिमी व्यास, ७०० मिमी नाभीय अंतर. खोक्यावर शनीचा झकास रंगीत फोटो आणि खाली ठळक अक्षरांत "५२५ पट!" परवा दादाकडे गेलो तर दुर्बीण माळ्यावर. पुतणी म्हणाली, "काका, मला त्यातून काहीच दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल माझा."

माझं डोकं सणकलं ते अजून शांत झालेलं नाही.

गणित सोपं आहे हो. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. ४ मिमीचा आयपीस लावला की १७५ पट. मध्ये ३ पटीचा बार्लो खुपसला की ५२५. हिशोब बरोबर, धंदा खोटा! भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन दुप्पट करा, साधारण तिथे उपयोगी वर्धन संपतं. म्हणजे इथे १४०. त्यापुढे दिसतो तो नुसता मोठा, मळकट डाग. २८ पटीवरून ५२५ वर गेलं की गुरूच्या बिंबाची तेजस्विता सुमारे ३५० पटीने घटते. त्यात स्टँड लटपटणारा, आणि पृथ्वी काही फिरायची थांबत नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या आत गुरू पसार. ४ मिमीच्या त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या भिंगाला डोळा चिकटवायचा, तोही चष्मा लावून. पोरीने करायचं काय?

वर दादाने दुकानदाराचं ऐकून पाच आयपीसची पेटीही घेतली होती. "असू देत, कमी पडायला नकोत." आहेरात आलेल्या लेमन सेटसारखी ती पेटी आता कपाटात आहे. त्याच पैशांत २५ मिमीचा एक बरा प्लॉसल आला असता. २८ पट, पण अख्ख्या कृत्तिका एका नजरेत मावतात, आणि चष्मा काढावा लागत नाही. पुढे सहा महिन्यांनी हौस टिकली तर २ पटीचा चांगला बार्लो घ्या, की झाले ५६ पट. (घेण्याआधी आपल्या दुर्बिणीची नळी मोजा. बहुधा १.२५ इंच असते, पण काही जुन्या, स्वस्त दुर्बिणींत ०.९६५ असते आणि मग घेतलेला आयपीस बसतच नाही.)

"लहान मुलांना कशाला एवढं चांगलं?" हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. अहो, उलट आहे! मुरलेला माणूस भिकार आयपीसमधूनही गुरू शोधून काढेल. नवख्याला मात्र दोष वस्तूचा की आपला, हेच कळत नाही. ती पोर स्वतःच्या डोळ्यांना नावं ठेवत बसली होती.

त्याच रात्री माझा जुना २५ मिमी लावला आणि तिला गच्चीवर नेलं. गुरू, आणि शेजारी एका ओळीत चार ठिपके. १६१० साली गॅलिलिओने सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून हेच पाहिलं होतं, असं मी सांगू लागलो, पण तिचं लक्षच नव्हतं. "काका, हा डावीकडचा आपोआप सरकतो का?" उद्या परत बघ, म्हटलं.

दादा, वाचतोयस ना? आयपीस तिकडेच ठेवलाय, परत मागणार नाही. ते खोकं तेवढं रद्दीत घाल.