जनीचे हात आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया'

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवर मी एक काम मोठ्या हौसेनं करायचो. रात्री दोन वाजता ज्युनिअर पोरांना गोळा करायचं आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा 'खरा अर्थ' सांगायचा. हॉटेल म्हणजे सैतानाचं चर्च, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ, नाहीतर ड्रग्ज. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. मी गंगाखेडचा, मराठी मीडियमचा, इंग्रजी बोलताना अडखळणारा. पण या गाण्यातलं गुपित मला ठाऊक आहे, एवढ्यावर माझा भाव वधारायचा. आज हेच काम रील्स करतात. साठ सेकंद, लाल बाण, मागं भुताच्या पिक्चरचं म्युझिक. मला त्यांचा राग येतो, आणि त्यात थोडा स्वतःचाही आहे.

ईगल्सचं हे गाणं १९७६च्या अल्बममधलं. ते लिहिणाऱ्यांपैकी एक, डॉन हेन्ली, वर्षानुवर्षं सांगत आलाय की यात सैतान वगैरे काही नाही, अमेरिकी स्वप्नाची काळी बाजू आहे. पण त्याचंही सोडा. गाण्यात काय घडतं ते बघा. दमलेला माणूस रात्री रस्त्यानं चाललाय, दिवा दिसतो, आत जातो, आत चैन आहे, आणि मग बाहेर पडता येत नाही. हिंजवडीत वीस वर्षांचं होमलोन घेतलेल्या माणसाला याहून वेगळा अर्थ कुणी समजावून सांगायला हवा का?

'डिकोड' हा शब्द आमच्या धंद्यातला, म्हणून त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. मेसेज एन्क्रिप्ट करतात तो कुणाला तरी कळू नये म्हणून. गाणारा माणूस मात्र स्टेडियमभर लोकांना ऐकू जावं म्हणून ओरडत असतो. त्यानं काय लपवलं? आणि समजा, तुमच्या डिकोडिंगनंतर 'हे ड्रग्जवर आहे' एवढं एक वाक्य हाती आलं. मग साडेसहा मिनिटांचं गाणं कशाला केलं त्यांनी? तेवढं वाक्य छापून वाटलं असतं.

या खेळाला खुद्द गाणारेही वैतागलेत. आपल्या जुन्या शाळेत मास्तर बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावायला शिकवतात असं जॉन लेननला एका पोराच्या पत्रातून कळलं, तेव्हा त्यानं १९६७मध्ये 'आय अ‍ॅम द वॉलरस'मध्ये मुद्दाम अर्थ लागू नये अशा ओळी घातल्या. त्यावरही लोकांनी अर्थ लावलेच.

खरा घोटाळा बहुतेक वेळा उलटा असतो. जे उघड लिहिलंय तेच ऐकलं जात नाही. १९८४मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' आलं. व्हिएतनामहून परतलेल्या, कामधंदा न मिळणाऱ्या माणसाचं गाणं. त्याच वर्षी रेगन यांनी न्यू जर्सीच्या प्रचारसभेत, अमेरिकेच्या भविष्याची आशा अशा गायकाच्या गाण्यांत आहे म्हणून स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. आजही ते गाणं झेंडे फडकवत वाजवलं जातं. धृपद सगळ्यांना पाठ. कडवी मात्र कुणी ऐकलेली नाहीत. त्या कडव्यांत काहीही गुप्त नव्हतं.

आता आमच्या गंगाखेडला या. गोदाकाठचं हे गाव जनाबाईचं. लहानपणापासून सप्त्यात बसलोय, त्यामुळं हॉस्टेलवर करत होतो ते मी कुठं शिकलो हे आता कळतं. एका सप्त्यात महाराजांनी जनीच्या दळणाचा अभंग घेतला होता. जातं म्हणजे संसार, खुंटा म्हणजे सद्‌गुरू, दळण म्हणजे संचित कर्म. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली आजी हळूच म्हणाली, "हात दुखले असतेल तिचे."

आजीनं चाळीस वर्षं जात्यावर दळलं होतं. महाराजांनी खुंट्याला हात लावला असेल असं मला वाटत नाही.

जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन दळू लागतो, केर भरतो, तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. यावर ठरलेलं उत्तर असतं, भक्ती एवढी थोर की देव राबला. असेलही. पण त्याआधी एवढं तरी ऐका की एका बाईला एकटीनं न उरकणारं काम होतं आणि तिची वेणी घालायला कुणी माणूस नव्हतं. हे न ऐकता भक्तीवर उडी मारली की जनी पुन्हा एकटीच दळत बसते.

तिचा दुसरा एक अभंग तर कुठल्याही रॉक गाण्याला मागं टाकेल. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय, तशीच ती भरल्या बाजारात निघालीय, कुणी अडवून दाखवा म्हणतेय, आणि शेवटी स्वतःला वेसवा म्हणवून घेतेय. वेसवा म्हणजे वेश्या. हे ऐकून अंगावर काटा यायला हवा. तो येण्याआधीच निरूपण सुरू होतं, 'इथं लोकलाज सोडून केलेली भक्ती अभिप्रेत आहे.' हा अर्थ चूक आहे असं मी म्हणत नाही. तो फार लवकर येतो, एवढीच माझी तक्रार. काही शतकांपूर्वी एका दासीनं हा शब्द स्वतःला लावला, त्याचा धक्का पचवायला आपण एक मिनिटही देत नाही.

यावर कुणी म्हणेल, रूपकं तर संतांनीच केली. एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे कामक्रोध, हे नाथच सांगतात. बरोबर. पण भारूड कधी उभं राहिलेलं बघितलंय? आधी विंचू चावतो. माणूस लोळतो, बोंबलतो, लोक पोट धरून हसतात. कामक्रोध नंतर येतात. नाथांना क्रम माहीत होता.

अरुण कोलटकरांनाही तो माहीत होता. त्यांनी जनाबाईचे अभंग इंग्रजीत नेले तेव्हा देव खाण्यापिण्याची गोष्ट खाण्यापिण्याच्याच साध्या शब्दांत ठेवली, तळटीप टाकून सोवळी केली नाही. ते पखवाज शिकले होते, स्वतः इंग्रजी गाणीही लिहायचे. गाणं तोंडात कसं बसतं हे ठाऊक असलेल्या माणसाला अर्थ सांगायची घाई नसते.

मागच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा मोबाईलवर 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं होतं. आजीनं विचारलं, काय म्हणतोय बाबा तो? दहा वर्षांपूर्वी असतो तर सैतानापासून सुरुवात केली असती. या वेळी नुसती गोष्ट सांगितली. एक माणूस रात्री दमून एका हॉटेलात गेला, आणि त्याला तिथून परत निघता येईना.

आजी थोडा वेळ गिटार ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याच्या घरी कुणी कळवलं का नाही?"

हे गाणं मी हजार वेळा ऐकलं असेल. त्या माणसाला घर असेल, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.