जोडीला दुसरं नाणं

जुनी नाणी जमवतो असं कळलं की माणसं एकच गोष्ट विचारतात, ‘याचे किती येतील?’ लग्नाच्या पंगतीत, बँकेत, दवाखान्यात, कुठेही. पाठोपाठ मोबाइलवर फोटो येऊन पडतो. बहुतेक वेळा त्यात पितळी रामदरबार असतो. मागच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नव्हतं. देवस्थानांबाहेर विकायला कुणीतरी घडवलेली ती टोकनं आहेत. हे सांगितलं की माणूस हिरमुसतो आणि माझ्याकडे जरा संशयानेही बघतो, कारण यूट्यूबवर त्याने कोटींचे आकडे ऐकलेले असतात. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतील, आधी फक्त ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे भरा, असे फोनही येतात. लोक इतके फसू लागले की २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशनही घेत नाही.

किमतीची उत्सुकता असण्यात गैर काही नाही. आम्हा नाणीवेड्यांनाही ती असतेच. नसते म्हणणारा खोटं बोलतो. पण नाणं हातात आल्यावर आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे कुठे सापडलं आणि याच्यासोबत काय काय होतं? सुटं नाणं फार थोडं बोलतं. ते दुसऱ्या नाण्याशेजारी ठेवावं लागतं, आणि ते दुसरं नाणं हमखास भलत्याच कुणाच्या तरी कपाटात असतं.

शिवराईचंच घ्या. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाचा सोन्याचा होन व तांब्याची शिवराई चलनात आली. खरा होन आज अतिशय दुर्मीळ आहे, आणि बाजारात होन म्हणून जे दाखवतात त्याकडे हात मागे बांधूनच बघावं. शिवराईचं तसं नाही. ती भरपूर पाडली गेली, पेशवाईतही पाडली गेली आणि पेशवाई बुडाल्यावरही लोकांच्या कनवटीला राहिली. पुण्याच्या जुन्या बाजारात आजही ती जुनी कुलपं आणि पितळी अडकित्त्यांच्या शेजारी पसरलेली दिसते.

पुस्तकातलं वर्णन असं: एका बाजूला तीन ओळींत ‘श्री, राजा, शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र, पति’, भोवती टिंबांची किनार. हातातल्या शिवराईवर मात्र ‘राजा’ दिसतो, ‘श्री’चं डोकं उडालेलं असतं आणि ‘शिव’मधला ‘व’ गायब असतो. झिजेने अक्षरं जातात तशी ती टांकसाळीतच हुकतातही. एक ठसा खाली ऐरणीत रोवलेला, दुसरा कारागिराच्या हातात, मधे तांब्याची चकती आणि वरून घणाचा घाव. चकती ठशापेक्षा लहान. ती जरा डावीकडे सरकली की उजवीकडचं अक्षर तिच्यावर उमटतच नाही. त्यामुळे ठशावर नेमकं काय कोरलं होतं हे एका शिवराईवरून क्वचितच कळतं. एकाच ठशाची चार-पाच नाणी समोर मांडली, याच्यावरून ‘श्री’ घेतला, त्याच्यावरून ‘व’ घेतला, की मजकूर पुरा होतो. मग कारागिरागणिक फरक दिसू लागतात. कुणी ‘शिव’ कोरलं, कुणी ‘सिव’. कुणी ‘पति’ ऱ्हस्व काढला, कुणी दीर्घ. पुढच्या काळातल्या दुदांडी शिवराईवर अक्षरांच्या ओळींमधे दोन समांतर रेघा आल्या. हे प्रकार लावण्याचं बरंचसं काम नोकरी-धंदा सांभाळून हौशी माणसांनी केलं आहे, आणि ते एकमेकांची नाणी बघितल्याशिवाय होणारं नव्हतं.

आमच्या मंडळाच्या एका बैठकीत असाच एक गुंता सुटताना पाहिला. जुन्नरकडचे एक निवृत्त गुरुजी नेहमी रुमालाच्या गाठीत नाणी घेऊन येतात. त्या दिवशी त्यांनी पश्चिमी क्षत्रपांचं चांदीचं नाणं काढलं. करंगळीच्या नखापेक्षा थोडंसं मोठं, वजनाला दोन ग्रॅमच्या वर थोडं. पुढच्या बाजूला राजाचं मस्तक, मिशी आणि मानेवर रुळणारे केस. मागे मधोमध तीन कमानींचा डोंगर, त्याच्या खाली नागमोडी रेघ, वर चंद्र-सूर्य आणि कडेने ब्राह्मी लेख. या राजांच्या दोन सवयी संग्राहकांना फार प्रिय आहेत. ते नाण्यावर स्वतःच्या नावाआधी बापाचं नाव घालतात, आणि मस्तकामागे नाणं पाडल्याचं वर्ष घालतात. हे वर्ष शकातलं असतं, तोच शक जो आपल्या पंचांगात अजून चालतो.

गुरुजींच्या नाण्यावर बापाचं नाव स्वच्छ होतं: महाक्षत्रप दामसेन. पोराचं नाव मात्र चकतीबाहेर गेलेलं.

‘बापाचा पत्ता आहे, मुलाचा नाही,’ गुरुजी म्हणाले. ‘आणि गादीवर आलेले मुलगे तर तिघे.’

दामसेनाचे तीन मुलगे एकामागून एक महाक्षत्रप झाले: यशोदामन, विजयसेन आणि तिसरा दामजदश्री. मग वर्ष बघायचं. तेव्हाच्या अंकांत शून्य नव्हतं. शंभराला एक चिन्ह, साठाला दुसरं, आठाला तिसरं. ती एकापुढे एक मांडली की १६८. दोनशे लिहायचे तर शंभराच्याच चिन्हाला एक आडवी रेघ जोडायची. भिंगाखाली शंभर दिसत होतं, साठ दिसत होतं आणि पुढचा एकंचा अंक काठावरून खाली पडलेला. म्हणजे १६० ते १६९ मधलं काहीही. यशोदामनाची कारकीर्द शके १६० च्या सुमाराची, जेमतेम. त्याच्या पाठोपाठ विजयसेन. अडलं ते तिथेच.

टेबलाच्या पलीकडे इलेक्ट्रिक सामानाचं दुकान चालवणारा एक पोरगा बसला होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, जरा इकडे द्या. हा नाकावरून गेलेला तडा मी कुठेतरी पाहिलाय.’ त्याने आपला अल्बम उघडला, पाच-सहा पानं उलटली आणि एक नाणं काढून शेजारी ठेवलं. राजाच्या भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलेली तीच बारीक उंच रेघ. ठशाला तडा गेला की त्याने पाडलेल्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर तो उमटतो, म्हणून ही दोन्ही नाणी एकाच ठशाची. पोराच्या नाण्याची चकती उलट्या बाजूला सरकलेली होती. तिच्यावर शंभर अर्धवट होता, पण शेवटचा आठ ठळक. शके १६८, म्हणजे इसवी सन २४६. मुलगा विजयसेन. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘तुझ्या आठामुळे माझं लग्न लागलं बघ!’ सगळे हसले, चहा आला. दोन्ही नाणी आपापल्या मालकाकडे परत गेली, मात्र दोघांच्याही नोंदीत आता वर्ष आणि नाव होतं.

हीच गोष्ट मोठ्या मापावर बघायची तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला जावं लागेल. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सव्वातेरा हजारांच्या आसपास. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची: पुढे त्याचं मस्तक आणि ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, शेजारी ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या गालावर चैत्य, मागे उज्जैन चिन्ह. चांदी वितळवायची नाही, नवं नाणं पाडायचं नाही, शत्रूच्याच तोंडावर आपली मोहोर उठवून तेच नाणं बाजारात सोडायचं. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखंदून काढला असं ती अभिमानाने सांगते. आईने मुलाचं कौतुक करणं स्वाभाविक आहे, इतिहासकाराला त्यावर साक्ष लागते. ती या साठ्याने दिली. पुन्हा ठसा मारलेलं एखाद-दुसरं नाणं कुठे मिळालं असतं तर ती टांकसाळीतली किरकोळ गंमत ठरली असती. नऊ हजार एका जागी मिळाली तेव्हा तो राजाचा निर्णय ठरला.

नाण्यांच्या संख्येचं महत्त्व आपल्याकडे सर्वांत कसोशीने कुणी ओळखलं असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबींनी. मूळचे गोव्याचे, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे. त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतली चांदीची आहत नाणी घेतली आणि एकेक करून काट्यावर टाकली. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. नुसती पाच चिन्हं. कोसंबींचं म्हणणं असं की नाणं हातोहात फिरताना झिजतं. नवीन नाण्यांची वजनं एकमेकांच्या जवळ असतात, जुनी होतात तशी सरासरी उतरते आणि वजनांतली तफावत वाढते. हे पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही बाजारातून घेऊन तोलली. एका नाण्याचं वजन कमी भरलं तर ते झिजलं असेल, कुणी कापलं असेल किंवा मुळातच हलकं पडलं असेल, काहीच ठरवता येत नाही. शेकडो नाण्यांची वजनं एकत्र आली की कुठला गट आधीचा आणि कुठला नंतरचा याचा अंदाज बांधता येतो.

आता यातली कडू बाजू. असे साठे आजही निघतात. नांगराला घडा लागतो, पाया खणताना हंडा निघतो, पैठण-नेवाशाच्या बाजूला पावसाळ्यानंतर नदीकाठच्या मातीत सातवाहनांची शिशाची आणि तांब्याची नाणी हाती लागतात. पुढे काय होतं? गुप्तधन म्हणून रातोरात वाटण्या होतात. चांदी असेल तर सराफाकडे जाऊन आटते. उरलेलं एखादा व्यापारी उचलतो, चांगली नाणी वेगळी काढतो आणि सुटी सुटी विकतो. नाणं पुण्या-मुंबईच्या संग्राहकाकडे पोचतं तेव्हा त्याच्या पाकिटावर ‘सातवाहन, महाराष्ट्र’ एवढंच लिहिलेलं असतं. गाव गेलं, हंडा गेला, सोबतची नाणी गेली. याला गिऱ्हाईक आम्हीच असतो, हे मान्य केलं पाहिजे. दर्जेदार नाण्याला आम्ही दुप्पट पैसे देतो आणि गावाचं नाव विचारत नाही. व्यापारी मग ते कशाला सांगेल? काही संग्राहक तर जागा मुद्दाम दडवतात, उद्या दुसरा तिथे पोचेल म्हणून.

शेतकरी सापडलेली गोष्ट लपवतो ती बहुधा सगळं जप्त होईल या भीतीने. कायदा तो समजतो तेवढा एकतर्फी नाही. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. चौकशीअंती कुणी मालक पुढे आला नाही तर ऐवजावर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क ठरतो. दोघांत वेगळा करार नसेल तर वाटा तीन-चतुर्थांश आणि एक-चतुर्थांश. सरकारने तो संपादन केला तर त्यातल्या धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा देण्याची तरतूद आहे. लपवलं तर मात्र हक्कही जातो आणि शिक्षाही होते. कचेरीतली दिरंगाई मी नाकारत नाही, पण एवढी माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तरी पुष्कळ हंडे शाबूत राहतील.

दाखवायला जागाही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. तिथलं संग्रहालय शाळकरी मुलांनाही गुंतवून ठेवतं. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. मोठ्या शहरांत नाणेसंग्राहकांची मंडळं आहेत, वर्षातून एक-दोनदा प्रदर्शनं भरतात. तिथे नवख्याला कुणी हाकलत नाही; उलट एखादा काका हातात भिंग देऊन तासभर सोडत नाही, ही खरी अडचण.

तेव्हा घरात आजीच्या बटव्यातली, देव्हाऱ्यातली, लक्ष्मीपूजनाच्या ताटातली जुनी नाणी असतील तर ती बाहेर काढा. चिंच, लिंबू, राखेने घासू नका. हिरवट थर राहू द्या, घासताना अक्षरंच जातात. भोक पाडून गळ्यात घालू नका. घरातल्या थोरांना विचारून ती कुठून, कुणाकडून आली हे चिठ्ठीवर लिहा, वजन लिहा आणि चिठ्ठी नाण्यासोबतच ठेवा. शेतात सापडलेली असतील तर एकही वेगळं काढू नका. मग एखाद्या जाणत्या माणसाला दोन्ही बाजू दाखवा. किती येतील हे सगळ्यात शेवटी विचारा.