निसर्ग आणि आपण : खालचे रान, वरचे रान

खेड तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. भावंडांचे सामाईक रान आहे. एक तुकडा गावालगत सखलात, दुसरा घाटाच्या चढावर. ठेकेदार दोन्हीकडची झाडे उक्ती घ्यायला तयार आहे. ते विचारतात, ‘‘तोडून तितकीच रोपे लावली तर हिशेब बरोबर होईल ना? झाड लावणे तर सदकाच आहे.’’

सदका आहे, यात शंका नाही. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा गुराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतो, ही हदीस आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. पण हिशेब बरोबर होत नाही, आणि वरच्या तुकड्यात तर मुळीच नाही.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कार्बन लाकडात साठवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे वाळल्यावर 1 हजार किलो भरेल अशा ऐनाच्या किंवा किंजळाच्या झाडाने हवेतून 1 हजार 800 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उचललेला असतो. हा झाला डोळ्यांना दिसणारा साठा. दुसरा पायाखाली असतो. पाने, फांद्या, मुळ्या कुजून मातीत मिसळतात आणि त्यांच्यातला काही कार्बन तिथेच राहतो. जगभरचा विचार केला तर सगळी झाडे आणि सगळी हवा मिळून जितका कार्बन आहे, त्याहून जास्त एकट्या मातीत आहे.

आता उंचीकडे वळू. दर 1 हजार मीटर चढले की तापमान साधारण 6 अंशांनी उतरते. सखलात उष्मा आणि ओल, त्यामुळे झाडे भराभर वाढतात, पण पडलेला पाचोळाही बुरशी आणि वाळवी लवकर संपवतात. तिथला कार्बन जास्त करून खोडांत असतो. वर गारवा असतो, वारा असतो. महाबळेश्वरचे रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल : सुमारे 1,350 मीटर उंचीवर अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे ठेंगणी, वाकडी, एकमेकांत गुंतलेली. ठेकेदाराच्या नजरेत ती लाकूड म्हणून कवडीमोल. पण थंडाव्यात पाचोळा सावकाश कुजतो आणि मातीत कार्बन साचत राहतो. त्यामुळे झाडे बुटकी म्हणजे साठाही तोकडा, असे समजू नये. अर्थात उंचीचा हा नियम सगळीकडे सारखा नाही. सड्यावर जांभा उघडा पडलेला असतो, तिथे मातीच नाही तर साठणार कुठे?

रान तोडले की मातीवर ऊन पडते आणि कुजणे वेगाने होते. चढावर तर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत मातीच वाहून खाली येते. जगभरच्या अभ्यासांचे एक संकलन 2002 साली प्रसिद्ध झाले. नैसर्गिक जंगलाची शेती केल्यावर मातीतला कार्बन सरासरी 42 टक्क्यांनी घटलेला त्यात दिसला. जंगल काढून झाडांचीच लागवड केली, तरीही 13 टक्क्यांनी. म्हणजे आपल्या बंधूंची रोपे जगली, वाढली, तरी खालचे खाते लवकर भरत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की चढावरच्या तुकड्याला हात लावू नये. पैशांची निकड खरी असेल, आणि ती असतेच, तर सखलातली मोजकी झाडे निवडून विकावीत, मूळ खोडे उपटू नयेत. ऐन, किंजळ बुंध्यातून पुन्हा फुटतात. रोपे लावायचीच तर पडीक वरकस जमिनीत लावावीत, उभे रान काढून नव्हे.

आणखी एक. खासगी जमिनीवरही झाडे तोडायला 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पत्रात फक्त भावांचा उल्लेख आहे. रान वडिलांकडून आले असेल तर शरीअतप्रमाणे बहिणींचाही त्यात हिस्सा आहे. ठेकेदाराला होकार देण्यापूर्वी त्यांना विचारले आहे का, हे पुढच्या पत्रात जरूर कळवावे.