पोट नसलेला सैनिक

कोलकात्याच्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांचे स्वार शहरावर येतील, या धास्तीने १७४२ मध्ये तिथे खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, मराठेही तिथवर पोचले नाहीत आणि पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. कोलकाता वाचले; उरलेल्या बंगालने मात्र १७५१ च्या तहापर्यंत आपल्या बारगिरांची लूट सोसली. आपण या स्वाऱ्या चौथाईच्या हिशेबात मांडतो. बंगाली आयांनी त्या अंगाईत ठेवल्या. धान तर पाखरांनी खाल्ले, आता सारा भरायचा कशाने, ही त्या अंगाईतली विवंचना.

दोनशे वर्षांनी, २० डिसेंबर १९४२ च्या रात्री, जपानी विमानांनी कोलकात्यावर बॉम्ब टाकले. त्यावर सारेगमच्या सुरांत एक गाणे पोरांच्या तोंडी बसले आणि त्यात टर उडवली होती ती गोऱ्या साहेबाच्या घाबरगुंडीची. या शहरात युद्ध मुलांपर्यंत पोचले ते असे बालगीतांतून, आणि दोन्ही वेळा सांगणारा सोसणाऱ्यांतला होता. एकविसाव्या शतकात हे काम व्हिडिओ गेमने उचलले. सांगणारा आता बंदुकीच्या मागे जाऊन बसला.

नोव्हेंबर २००३ मध्ये प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या यंत्रांसाठी ‘मेडल ऑफ ऑनर : रायझिंग सन’ बाजारात आला. या मालिकेची कल्पना स्टीव्हन स्पीलबर्ग यांची. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ १९९८ मध्ये पडद्यावर आला आणि पहिला गेम १९९९ मध्ये. त्यामुळे दोघांचा तोंडवळा सारखा आहे. ‘रायझिंग सन’चा नायक जोसेफ ग्रिफिन हा अमेरिकन मरीन. पर्ल हार्बरपासून निघून तो फिलिपाइन्स, ग्वादलकनाल, सिंगापूर करत ब्रह्मदेशात येतो. जपान्यांच्या कैदेत पडलेल्या त्याच्या धाकट्या भावाची गोष्ट अर्धवट सुटते, कारण पुढचा भाग निघालाच नाही. ब्रह्मदेशापर्यंत आलेला हा गडी कोलकात्याकडे मात्र फिरकत नाही.

यावर पहिली तक्रार सुचते ती हिंदी सैनिकांची. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडले तेव्हा हजारो हिंदी सैनिक कैद झाले आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. ब्रह्मदेश परत जिंकणाऱ्या चौदाव्या सेनेतही बहुसंख्या हिंदी सैनिकांचीच. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर जपान्यांना तोंड देणाऱ्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. देशावरच्या नि कोकणातल्या या पोरांचे नाव कोणत्या गेमला ठाऊक आहे? तक्रार रास्त आहे, पण ती फार खोल जात नाही. ग्रिफिनच्या जागी एखादा जाधव किंवा घाडगे उभा केला, तरी पडद्याच्या तळाशी दिसणार तेवढेच: दोन हात आणि एक बंदूक. या सैनिकाला पोट नसते. जखमेने जीव खालावला की वाटेतली औषधपेटी उचलायची, पुन्हा धावायचे. भूक लागून तो कधी मरत नाही.

आणि कोलकात्याचे युद्ध तर भुकेचेच होते.

गेमला शोभेल असे तिथे काहीच घडले नाही असे नव्हे. मैदानालगतच्या रेड रोडची धावपट्टी झाली होती, चौरंगीच्या शेजारून लढाऊ विमाने उडत. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री प्रिंग नावाच्या ब्रिटिश सार्जंटने आपल्या ब्यूफायटर विमानातून काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडले. हावडा पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये खुला झाला, तोही बॉम्बच्या भीतीने गाजावाजा न करता. ५ डिसेंबर १९४३ रोजी खिदिरपूरच्या गोदीवर भर दिवसा हल्ला झाला आणि शेकडो माणसे मेली. त्यांत मोठा भरणा गोदीकामगारांचा. प्रिंगही त्याच दिवशी गेला.

पण बॉम्बने मेलेल्यांची संख्या दुष्काळापुढे नगण्य ठरते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मी तांदूळ बंद झाला. जपानी आलेच तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी बंगालातल्या नावा जप्त केल्या, काही फोडून टाकल्या. कोळ्याची जाळी आणि शेतकऱ्याची वाहतूक एकदमच बसली. ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळाने झोडपले. लष्करी खर्चाने भाव भडकले, साठेबाजांनी संधी साधली, आणि सरकारने जो धान्यपुरवठा सांभाळला तो युद्धाला लागणाऱ्या कारखान्यांच्या कामगारांचा. खेड्यांतली माणसे कोलकात्याच्या फुटपाथवर येऊन भात नको, नुसती पेज द्या म्हणू लागली. ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला पत्ता लागला. तीसेक लाख माणसे गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. यांतल्या बहुतेकांनी शत्रू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

असे युद्ध खेळात बसत नाही, हे म्हणणे आता टिकणारे नाही. पोलंडच्या एका कंपनीने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम काढला. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये खेळणारा नागरिक असतो. रात्री अन्न शोधायचे, दिवसा ते किती जणांत वाटायचे ते ठरवायचे. शेजारच्या म्हाताऱ्याचे धान्य चोरावे का, असा प्रश्न तो खेळणाऱ्यापुढे टाकतो. पोलंड सरकारने २०२० मध्ये तो शाळकरी मुलांच्या वाचनाच्या यादीत घेतला. आपल्याकडे त्याच सुमारास, २६ जानेवारी २०२१ रोजी, गलवानच्या पार्श्वभूमीवरचा ‘फौजी’ आला. मारामारीच, फक्त गणवेश आपला.

‘राजी’सारखा देखणा गेम पुण्यात घडला, म्हणजे हात आणि डोके दोन्ही आपल्याकडे आहेत. चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदिन यांची दुष्काळातली रेखाटने आहेत, बिजन भट्टाचार्यांचे ‘नवान्न’ आहे, सत्यजित रायांचा ‘अशनि संकेत’ आहे; साहित्य तयार आहे. पुण्याच्या गेमकारांनी कोलकात्यातल्या जाणत्यांना सोबत घेऊन १९४३ चे कोलकाता उभे करावे. त्यात खेळणाऱ्याच्या हाती बंदूक देऊ नये, रांगेत उभे राहायला एक रिकामे भांडे द्यावे.