सल्लागाराच्या सीव्हीत कामाचा हिशेब हवा

नोकरी सोडून किंवा निवृत्त होऊन स्वतंत्र सल्लागार झालेल्या बहुतेकांच्या सीव्हीत नोकरी अजून संपलेलीच नसते. पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याच्या सीव्हीत शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशा पायऱ्या असतात आणि सोबत बदल्यांची गावं. बँकेतून आलेला शाखांची नावं देतो, आयटीतून आलेला कंपन्यांची आणि पदनामांची. असा कागद वाचून माणूस कुठवर चढला हे कळतं, त्याला काय करता येतं हे कळत नाही. आता हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. नीती आयोगाच्या जून २०२२च्या अहवालाने २०२०-२१ मधल्या गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज केला. गिग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिलिव्हरी करणारी मुलं येतात. पण त्याच अहवालानुसार अशा कामांपैकी सुमारे २२ टक्के कामं उच्च कौशल्याची आहेत. स्वतःच्या ज्ञानावर जगू पाहणाऱ्या या वर्गाने आपला सीव्ही पदांच्या नव्हे, केलेल्या कामांच्या आधारे लिहायला हवा, आणि त्यातलं प्रत्येक विधान तिऱ्हाइताला पडताळून पाहता येईल असं हवं, असं माझं ठाम मत आहे.

कारण उघड आहे. नोकरी देणारा माणूस निवडतो. तो पुढची काही वर्षं त्याला शिकवणार असतो, सांभाळणार असतो, गरज पडली तर दुसऱ्या विभागात हलवणार असतो. सल्लागार नेमणाऱ्याला एका ठरावीक अडचणीवर ठरावीक मुदतीत उत्तर हवं असतं. ही अडचण या माणसाने आधी कधी सोडवली आहे का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. जागतिक बँकेच्या सल्लागार निवडीच्या प्रमाण निविदा-कागदपत्रांत हा फरक चक्क गुणांत मांडलेला आहे. फर्मच्या तांत्रिक प्रस्तावाच्या १०० गुणांपैकी ३० ते ६० गुण प्रमुख तज्ज्ञांसाठी असतात. एकेका तज्ज्ञाला गुण देताना सर्वसाधारण शिक्षण आणि अनुभव यांना १० ते २० टक्के, नेमून द्यायच्या कामासाठीच्या योग्यतेला ६० ते ८० टक्के, आणि त्या प्रदेशाच्या माहितीला, त्यात स्थानिक भाषा आणि प्रशासनाची जाणही आली, फार तर १० टक्के वजन मिळतं. सीव्हीच्या नमुन्यातही या प्रस्तावात तुमच्यावर कोणती कामं सोपवली आहेत आणि ती तुम्हाला जमतील हे तुमच्या आधीच्या कोणत्या कामांवरून दिसतं, हे समोरासमोर मांडायला सांगितलेलं असतं. महाराष्ट्रात पोकरा किंवा स्मार्टसारखे कृषी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर उभे राहिले. अशा प्रकल्पांसाठी अर्ज करणारा तज्ज्ञ पदांची यादी लिहितो तेव्हा तो आपली सगळी ताकद १० ते २० टक्क्यांच्या रकान्यात ओततो. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात त्याने पाच हंगाम काढलेले असतात, शेतकऱ्यांशी तो त्यांच्याच बोलीत बोलू शकतो, आणि नेमकं हेच लिहायचं राहून जातं.

मग काम लिहायचं कसं? इथे आपल्याला सरकारी टिपणाची सवय नडते. ‘देखरेख करण्यात आली’, ‘कार्यवाही पूर्ण झाली’, ‘प्रकल्पात सक्रिय सहभाग होता’, अशा वाक्यांत करणारा कोण हे कधीच सापडत नाही. सीव्ही इंग्रजीत लिहिला तरी हीच वळणं तिकडे जातात. ‘पाणीपुरवठा योजनांचा २५ वर्षांचा अनुभव, ४०० कोटींच्या कामांवर देखरेख’ हे वाक्य घ्या. या ४०० कोटींपैकी त्या माणसाच्या डोक्यातून काय निघालं? आराखडा त्याचा होता, की मंजुरीची सही? याऐवजी समजा असं लिहिलं: एका प्रादेशिक योजनेत शेवटच्या सहा गावांना पाणी पोहोचत नव्हतं, जलशुद्धीकरण केंद्रातून सुटणारं आणि गावांच्या टाक्यांत पडणारं पाणी मोजून गळतीचे टप्पे शोधण्याचं काम माझं होतं, दोन कनिष्ठ अभियंते सोबत होते, चार महिन्यांत पसरलेलं ३५ दिवसांचं काम, दुरुस्तीनंतर सहापैकी चार गावांत नियमित पाणी सुरू झालं, उरलेल्या दोन गावांसाठी वेगळी टाकी सुचवली. हे वाचणाऱ्याला अडचण कळते, लिहिणाऱ्याचा वाटा कळतो, वेळ कळतो आणि निकालही कळतो, अपुऱ्या राहिलेल्या भागासकट. तो अपुरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सहाच्या सहा गावं जिंकल्याचा दावा करणाऱ्यापेक्षा चार सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. दिवसांचा हिशेबही तितकाच गरजेचा आहे. सल्लागाराची तीन कामं एकाच वेळी चालू असतात आणि दोन कामांच्या मध्ये रिकामे महिने येतात. नुसत्या तारखा दिल्या तर एक गोष्ट लबाडी वाटते आणि दुसरी बेकारी.

यावर पहिला आक्षेप आपल्या संस्कारातून येतो. स्वतःची टिमकी काय वाजवायची, काम बोलेल की! काम बोलतं हे खरं, पण ज्याने ते पाहिलं त्याच्याशीच. मंत्रालयात किंवा एखाद्या कंपनीच्या मुख्यालयात बसलेल्या मूल्यांकन समितीसमोर फक्त कागद असतो. शिवाय नेमकेपणा म्हणजे बढाई नव्हे. ‘अत्यंत अनुभवी, ध्येयनिष्ठ, बहुआयामी’ ही खरी बढाई, कारण ती खोडून काढायची सोयच नसते. ‘३५ दिवस, सहा गावं, माझा वाटा मोजणीचा’ असं लिहिणारा स्वतःला तपासणीसाठी पुढे करतो. माझ्या मते विनय तो हाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक कामासाठी सीव्ही नव्याने मांडायचा, काही कामं पुढे आणायची, काही गाळायची, हे फसवणुकीच्या जवळ जात नाही का? या शंकेमागे वाईट अनुभव आहेत. निविदेत एका नामांकित तज्ज्ञाचा सीव्ही जोडायचा आणि काम मिळालं की भलताच माणूस पाठवायचा, किंवा तज्ज्ञाच्या अनुभवाची वर्षं परस्पर वाढवायची, ही सल्लागार-क्षेत्रातली जुनी दुखणी आहेत. म्हणूनच निविदांत सीव्हीवर स्वतः तज्ज्ञाची सही आणि माहिती खरी असल्याचं प्रमाणन मागितलं जातं. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २०१६ मध्ये इन्फ्राकॉन हे पोर्टल सुरू केलं. सल्लागार संस्था आणि त्यांचे प्रमुख तज्ज्ञ यांची माहिती त्यावर नोंदवली जाते, आणि पडताळणीसाठी ते आधार व डिजिलॉकरशी जोडलेलं आहे. पण ही सगळी व्यवस्था खोटेपणाविरुद्ध आहे, निवडीविरुद्ध नाही. शंभर कामांतली या अडचणीशी जुळणारी आठ कामं पुढे ठेवणं म्हणजे वाचणाऱ्याच्या वेळेची कदर करणं. न केलेलं काम त्यात घुसलं किंवा दुसऱ्याचा वाटा आपल्या नावावर चढला, तर मात्र मर्यादा ओलांडली गेली. हे टाळण्याचा मार्ग साधा आहे. सगळ्या कामांची एक पूर्ण नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक सीव्ही तिच्यातूनच काढावा.

कामं ओळखीवर मिळतात, सीव्ही कोण वाचतो, असंही म्हटलं जातं. पहिलं काम बहुधा ओळखीवरच मिळतं, हे मान्य. पण ओळखीच्या माणसालाही तुमचं नाव संचालकांपुढे, लेखा विभागापुढे, कधी लेखापरीक्षकापुढे समर्थनीय ठरवावं लागतं. त्या खोलीत तुम्ही नसता, तुमचा कागद असतो. गोपनीयतेचा मुद्दाही असाच, खरा पण सुटण्यासारखा आहे. कराराने ग्राहकाचं नाव बांधलेलं असेल तर ‘पश्चिम महाराष्ट्रातला मध्यम आकाराचा दूध संघ’ एवढं सांगता येतं, निकाल रुपयांऐवजी टक्क्यांत देता येतो. करार करतानाच संदर्भ म्हणून नाव वापरण्याची परवानगी मागून ठेवावी. नोकरदार करारावर सही करण्याआधी पगार विचारतो, मग सल्लागाराने हे विचारायला का संकोचावं?

खरी अडचण पुराव्याची आहे, आणि तिथे दोष एकट्या सल्लागाराचा नाही. नोकरदाराकडे अनुभवपत्र असतं, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात त्याच्या कारकिर्दीची नोंद आपोआप होत राहते. सल्लागाराकडे कार्यादेश असतो, बिलं असतात, टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र असतं. त्यावरून पैसे मिळाले हे सिद्ध होतं. काम कोणतं केलं आणि कसं झालं, हे होत नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला मागायला जावं तर सरकारी कार्यालयातला अधिकारी बदलून गेलेला असतो आणि नवा अधिकारी आधीच्या काळातल्या कामावर सही करायला तयार नसतो. दाखला मिळालाच तर तो फर्मच्या नावे असतो, ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचा उल्लेख नसतो. यात सर्वाधिक भरडले जातात ते फर्मच्या छायेत काम करणारे तरुण तज्ज्ञ. त्यांच्याकडे कामं असतात, कागद नसतो, आणि पुढच्या निविदेत ते पुन्हा ‘सहभाग होता’ या वाक्याकडे ढकलले जातात. राज्य सरकारने आपल्या सल्लागार करारांत एक अट घालावी: शेवटचं देयक अदा करतानाच, त्याच अधिकाऱ्याच्या सहीने, प्रत्येक तज्ज्ञाच्या नावानिशी, त्याने केलेलं काम आणि दिलेले दिवस नमूद करणारा दाखला द्यावा. यासाठी नवा खर्च नाही, नवं पोर्टल नको. ही माहिती देयकासोबतच्या हजेरीपत्रकात बहुतेक वेळा आधीच असते.