पिता कोण? प्रयोगशाळेचे उत्तर आणि कायद्याचे उत्तर

मुलाचा जन्मदाता कोण, हे आज प्रयोगशाळा जवळजवळ निःसंशयपणे सांगू शकते. तरीही आपली न्यायालये हा प्रश्न प्रयोगशाळेकडे सहजासहजी सोपवीत नाहीत. केरळमधील एका प्रकरणात २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने हे पुन्हा एकदा स्पष्ट झाले.

त्या प्रकरणातील मुलाचा जन्म आईचा विवाह अस्तित्वात असताना झाला होता. पुढे पतिपत्नी विभक्त झाले. मुलाचा पिता दुसराच पुरुष आहे, असे सांगून आईने जन्मनोंदवहीत त्या पुरुषाचे नाव लावावे, अशी मागणी केली. पालिकेने न्यायालयाचा आदेश मागितला. मुलानेही त्याच पुरुषाकडून पोटगी मागितली. त्या पुरुषावर डीएनए चाचणीची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने अखेर ठरविले. मूल गर्भात राहिले त्या काळात पतिपत्नी एकत्र नांदत होते. म्हणून कायद्याच्या दृष्टीने पतीच पिता!

या निर्णयाचे मूळ १८७२च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ११२मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६मध्ये आली आहे. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत व आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानले जाते. त्या काळात पतिपत्नीला एकमेकांच्या सहवासाची संधीच नव्हती, हे सिद्ध झाले तरच हे गृहीत ढळते. चर्चच्या कायद्याचीही (कॅनन ११३८) दिशा हीच आहे. मुदत मात्र ३०० दिवसांची, आणि स्पष्ट पुराव्याने तेथे हे गृहीत खोडून काढता येते.

हा नियम आम्हांस मुळात योग्य वाटतो. कारण चाचणीची मागणी बहुधा मूल करीत नाही, संशयाने ग्रासलेला पती करतो. पुण्यातील एका घटस्फोटाच्या दाव्यात पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी पतीने मुलाची चाचणी मागितली. कुटुंब न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. मोठ्यांच्या भांडणात ज्याचा काहीच दोष नाही, त्याच्याच रक्तातून पुरावा का काढावा?

मात्र चाचणी आधीच झालेली असेल तर? महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचणीचा निष्कर्ष कायद्याच्या गृहीतापेक्षा श्रेष्ठ मानला आणि पतीला मुलीच्या पोटगीतून मुक्त केले. तिचा पिता कोण नाही, एवढेच त्यातून ठरले. कोण आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

केरळचा निर्णय अस्वस्थ करतो तो येथे. मुलाला संशयापासून वाचविण्यासाठी उभारलेली भिंत, मूलच दार ठोठावू लागले की त्याच्याच विरुद्ध उभी राहते. माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांना मात्र २०१२मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रक्ताचा नमुना द्यावा लागला होता, आणि २०१४मध्ये त्यांनी मुलाचा जाहीर स्वीकारही केला. पती आपल्या सुटकेसाठी चाचणी मागतो. मूल आपल्या उगमाचा शोध घेते. या दोन मागण्यांना कायद्याने एकच माप लावू नये, असे आमचे मत आहे.

पित्याचे नाव सांगावयाचेच नसेल, तर काय? दिल्लीतील एका अविवाहित ख्रिस्ती मातेला आपल्या मुलाला बचत व विम्यासाठी वारस नेमावयाचे होते. त्यासाठी पालकत्वाचा आदेश हवा आणि पालकत्वासाठी पित्याचे नाव हवे, असे तिला सांगण्यात आले. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू घेतली. अविवाहित मातेने केवळ प्रतिज्ञापत्र दिले तरी मुलाला जन्मदाखला मिळाला पाहिजे, असेही बजावले.

आमच्या धर्मग्रामांतील कार्यालयांनाही याविषयीचा चर्चचा नियम ठाऊक असावयास हवा. कॅनन ८७७ नुसार, अविवाहित मातेच्या मुलाच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत पित्याचे नाव लिहिण्यासाठी एक तर सार्वजनिक दस्तऐवज लागतो, किंवा त्या पुरुषाने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर दिलेली कबुली. दोन्ही नसतील, तर पित्याच्या नावाविनाच नोंद केली जाते.